अर्जाची शेवटची ओळ

२० नोव्हेंबर १९७२, सोमवार

शाळेतून निवृत्त होताना हजेरीचे एक कोरे पुस्तक माझ्याकडेच राहिले होते. त्यातच हे लिहितो आहे. निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत दैनंदिनी लिहावी असे काही घडले नव्हते. आज घडले.

सकाळी पारावर गाव बसले होते. आबासाहेब सरपंचाने मला मुद्दाम बोलावून घेतले. हा आबा माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकला, इंग्रजीला मात्र त्याने कधी हात लावला नाही. म्हणाला, जामखेडला दुष्काळी कामाच्या साहेबाकडे अर्ज द्यायचा आहे. दोन वर्षे पाऊस नाही. वाडीच्या चाळीस बायका खडी फोडायला रोज सात मैल जातात आणि सात मैल येतात. तेच काम आपल्या वाडीच्या रस्त्यावर काढा, दगड इथेही आहेच, एवढेच मागायचे. पण अर्ज इंग्रजीत हवा. मराठी अर्ज चळतीत पडून राहतो, इंग्रजी अर्ज साहेब निदान उलटून तरी बघतो, असे त्याचे मत.

माझ्या शेजारची छबूबाई त्या चाळिसांत आहे. तिला पाचवा महिना. नवरा सहादू ऊसतोडीला कोल्हारकडे गेलेला, घरात सासू साळूबाई. साळूबाई म्हणाली, "गुर्जी, पोरीचं दिस भरायच्या आत हू द्या काम."

दोन दिवसांत अर्ज देतो, असे मी सर्वांसमोर सांगितले. घरी येताना मन भरून आले. कोणी इंग्रजीत काही लिहून मागितले त्याला किती वर्षे झाली.

२२ नोव्हेंबर

अर्ज झाला. एक पान, चार परिच्छेद. पहिल्या परिच्छेदात कोरड्या ओढ्याचे वर्णन आहे. ते जरा लांबले, पण एकही शब्द कापवेना.

फक्त शेवटची ओळ राहिली आहे.

नगरच्या शाळेत आम्हाला डेव्हिड मास्तर होते. कवितेचा तास ते खिडकीशी उभे राहून घेत आणि पत्रलेखनाचा तास छडी घेऊन. म्हणत, पत्र म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाणे. आत शिरताना चुकलात तर लोक हसतील, पण निघताना चुकलात तर ते आयुष्यभर लक्षात ठेवतील. पत्राच्या शेवटी सहीच्या वर कोणते शब्द लिहावेत, हे त्यांनी आमच्याकडून पन्नास पन्नास वेळा घोटून घेतले. पावसाळ्यात कौलातून थेंब पडत आणि आम्ही एका सुरात म्हणत असू, अनोळखी माणसाला 'युअर्स फेथफुली', ओळखीच्या माणसाला 'युअर्स सिन्सिअरली'. आणि फार वरच्या साहेबाला 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. मला तेव्हा ही तिन्ही कवितेचीच कडवी वाटत.

मी तिसरे निवडले. त्यात एक डौल आहे.

२३ नोव्हेंबर

अर्ज पारावर वाचून दाखवला. ओढ्याच्या वर्णनाला सगळे गप्प बसले. कळले कोणालाच नाही, पण गप्प बसले. मग रंभाजीने विचारले, शेवटी काय लिहिले त्याचा मराठीत अर्थ काय. रंभाजी खालच्या आळीचा. छप्पन साली त्या आळीने बौद्ध धर्म घेतला तेव्हा हा पुढे होता, आणि अजूनही कुठल्याही कागदाचा अर्थ विचारल्याशिवाय अंगठा देत नाही. मी सांगितले, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक.

"गुर्जी," रंभाजी म्हणाला, "ह्यो शबुद आमी छप्पन सालीच टाकून आलो. आता पुन्ना सायबापाशी कशाला उचलायचा? आमच्या आळीचा अंगठा ह्याच्याखाली न्हाई."

आमच्या मास्तरांनी तर हा शब्द गव्हर्नरसाठीसुद्धा शिकवला होता, असे मी सांगून पाहिले. रंभाजी म्हणाला, मग गव्हर्नराला लिहा. खालच्या आळीच्या अकरा बायका चाळिसांत आहेत. त्यांना वगळून अर्ज कसा द्यायचा? आणि खरे सांगायचे तर त्याचे बोलणे मला पटलेही. इतकी वर्षे मी ते शब्द लिहिले, ते फक्त नादासाठी. खाली सही करणाऱ्याला ते कसे लागत असतील, हे कधी मनात आले नाही.

खोडले. नव्या प्रतीवर 'युअर्स फेथफुली' लिहिले.

२४ नोव्हेंबर

फेथफुलीही टिकले नाही.

मीच चुकलो. आबाला नियम समजावून सांगायला गेलो. साहेब आपल्याला अनोळखी, म्हणून फेथफुली. ओळखीचा असता तर सिन्सिअरली.

आबा म्हणाला, "म्हंजी आपणच खाली लिहून द्यायचं, की आमची तुमची वळख न्हाई? मग सायेब आपलं काम कशापायी करील?"

पारावर सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणाला, बिनओळखीने कधी तलाठ्याने उतारा दिला आहे का? आणि त्यातही तथ्य होते. आमच्याकडे पाव्हणा आला की पाण्याआधी त्याला विचारतात, गाव कोणते, मामाचे गाव कोणते, बहीण कुठे दिली. कुठेतरी नाते लागतेच. नाते लागले की मग काम.

"सिन्सिरली टाका," आबा म्हणाला.

मी म्हणालो, आबा, साहेबाने आपल्याला पाहिलेले नाही. ते खोटे होईल. लेखी खोटे मी आयुष्यात केलेले नाही.

आबा उठून धोतर झटकत म्हणाला, "मग खरं करू की. वळख काढू."

मास्तरांच्या नियमासाठी एक अख्खे गाव खरे व्हायला निघाले. डोळे पाणावले माझे.

२८ नोव्हेंबर

ओळख निघाली. साहेबांच्या पत्नीची मावशी राजूरला दिलेली आहे. आणि राजूरच्या बाजारात आबाच्या साडूचा चुलता भाताच्या पोत्यांची ने-आण करतो. आबाने साडूकडे माणूस पाठवला. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन त्या माणसाला तीन दिवस लागले. चुलत्याने मावशीला पाहिले आहे. मावशी बोलायला मोकळी आहे, असा निरोप आला.

मी विचारले, एवढ्याला ओळख म्हणायची का? आबा म्हणाला, ही नुसती वाट आहे, ओळख तोंड दाखवल्यावर.

छबू सकाळी माझ्या दारावरून गेली तेव्हा तांबडेही फुटले नव्हते. खांद्यावर हातोडी, डोक्यावर भाकरीचे फडके.

२ डिसेंबर, शनिवार

एस.टी.ने जामखेडला गेलो. आबा, रंभाजी, मी आणि आणखी चौघे. साहेब टेबलावर मान घालून लिहीत होते. वर पाहून म्हणाले, काय काम?

"काम काय न्हाई," आबा म्हणाला. "वळखीला आलो."

साहेबांनी चष्मा काढला. आबाने राजूरची मावशी सांगितली. साहेब म्हणाले, कोण मावशी? मग आठवून म्हणाले, हो, आहे एक. मग एकेकाने आपले नाव, गाव आणि मामाचे गाव सांगितले. साहेबांनी प्रत्येकाला हो हो म्हटले. शेवटी त्यांनी विचारले, कामाविषयी काही अर्ज वगैरे आणला आहे का?

"अर्ज मागनं," आबा म्हणाला. "सायेब, आज नुसतं तोंड बघा आमचं. नीट बघा."

अर्जाची आणखी एक प्रत माझ्या कोटाच्या खिशात होती. पण त्याखाली शेवटची ओळ कोरी होती, आणि ओळख पूर्ण झाली की नाही हे तिथे उभ्या उभ्या कसे ठरवणार? खिशाला हात लावला आणि काढून घेतला.

बाहेर पडताना कारकुनाने मला बाजूला घेतले. म्हणाला, गुरुजी, मराठीत लिहून टाकून द्या, दोन ओळी पुरेत, हल्ली सगळे मराठीतच चालते. मी त्याचे आभार मानले. मंडळींना हे सांगितले नाही. एवढे उत्साहात आहेत, उगाच त्यांचा हिरमोड नको.

हे लिहिताना वाटते, हिरमोड त्यांचा की माझा? असो.

३ डिसेंबर

सुवाच्य अक्षरात अर्ज उतरवला आणि खाली 'युअर्स सिन्सिअरली' असे वळणदार लिहिले. सिन्सिअरलीचा एस काढताना मला डेव्हिड मास्तरांचे बोट आठवले. ते फळ्यावर एस काढत तो नदीच्या वळणासारखा. आज सही-अंगठे होतील.

४ डिसेंबर

अंगठे झाले. उद्या अर्ज घेऊन माणूस निघणार.

५ डिसेंबर

साहेबांची बदली झाली.

माणूस अर्ज घेऊन अर्ध्या वाटेवरून परत आला, एस.टी.त कोणीतरी सांगितले म्हणून. आता जे साहेब आले आहेत ते खानदेशाकडचे, आणि खानदेशात आमच्या वाडीचे कोणी म्हणता कोणी दिलेले नाही. मी म्हणालो, मग फेथफुलीच. आबा म्हणाला, एकदा ओळखीचे झालेले गाव पुन्हा अनोळखी कसे होईल? माघार घेतल्यासारखे दिसते.

कोणीतरी सुचवले, दोन्ही लिहा. मी जरा कडक बोललो त्याला.

१३ डिसेंबर

जामखेडला तीन खेपा झाल्या. साहेब फिरतीवर. तिसऱ्या खेपेला नाक्यावर त्यांची जीप समोरून आली. आबाने फेटा काढून हलवला. जीप गेली. आबाचे म्हणणे, साहेबाने मान वळवली होती, म्हणजे पाहिले, म्हणजे ओळख झाली.

"त्यानी आपल्याला न्हाई बघितलं," रंभाजी म्हणाला. "आपणच त्याची धूळ बघितली."

परतीच्या वाटेवर एस.टी.त यावरूनच वाद झाला. कंडक्टरही पडला त्यात.

१९ डिसेंबर

वाडीत दोन पार्ट्या झाल्या आहेत. आबाची सिन्सिरली पार्टी, तिच्यात मारुतीच्या देवळापुढची माणसे. आणि रंभाजीच्या बाजूने फेतफुली पार्टी, तिच्यात खालची आळी आणि आबावर जुना राग असलेले सगळे. त्यांतल्या कोणालाही दोन्ही शब्द नीट म्हणता येत नाहीत. परवा हजामतीला बसलो तर न्हावी वस्तरा थांबवून विचारतो, गुर्जी, तुमी कुन्या पार्टीचे? मी म्हणालो, मी नियमाच्या बाजूचा. त्याने गालाला साबण लावला, पण मन लावून नाही.

रंभाजीला मी विचारले, फेथफुली तुला का आवडते? तो म्हणाला, "आवडत न्हाई. पर त्यात कुनाचा सेवक न्हाई आन कुनाचा पाव्हनाबी न्हाई. काम मागायला तेवढं बास हाय."

हे वाक्य मी शाळेत असतो तर फळ्यावर लिहिले असते.

२९ डिसेंबर

दुपारी उन्हात छबू लवकर परत आली. कामावर चक्कर आली म्हणून मुकादमाने हजेरी कापून पाठवली. माझ्या ओट्यावर टेकली. पाय सुजून पायातल्या साखळ्या रुतल्या होत्या. मी पाणी दिले. साळूबाई बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीला सातवा लागला. गुर्जीच्या कागदाला कळा कधी यायच्या त्या मारुतीला ठावं."

छबूने सासूला गप्प केले. मग मला विचारले, कागद कशावरून अडला आहे. मी सगळे सांगितले, अनोळखी, ओळखीचा, जीप, मान वळवणे. तिने शांतपणे ऐकून घेतले. इतके लक्ष देऊन माझ्या वर्गात कोणी ऐकले नव्हते.

मग म्हणाली (ती मला गुरुजी नाही, तात्या म्हणते), "सायबाला आमी ठावं नसू, तात्या. पर सायबाच्या रस्त्याला आमी चांगलं ठावं हाय. दोन म्हयने त्योच फोडतोय."

रस्ता हा काही पत्र घेणारा नसतो, असे मी तिला समजावले. ती हसली आणि उठून गेली.

मराठीत चालते, हे मी तिलाही सांगितले नाही. का नाही सांगितले? कोरड्या ओढ्याचा परिच्छेद मराठीत नीट येत नाही. हे कारण लिहून पाहिले तर फार लहान दिसते.

४ जानेवारी १९७३, गुरुवार

आज एक विचित्र गोष्ट. उजाडले तरी बायका वाडीतच. मला वाटले, कुणाच्या घरी काही वाईट झाले. बाहेर जाऊन बघतो तर चाळीसच्या चाळीस जणी वाडीच्या रस्त्याकडेला, मारुतीच्या पुढच्या माळावर, हातोड्या घेऊन बसलेल्या. दगड फोडताहेत. रांगेत, मापाने, जशा तिकडे बसतात तशाच. खालच्या आळीच्या अकराही त्यांत.

आबा घाबरून धावत आला. हजेरीचे मस्टर नाही, मुकादम नाही, सरकारचा हुकूम नाही, हे काम कोणाचे?

"रस्त्याचं," छबू म्हणाली. तिने हात थांबवला नाही.

आबा म्हणाला, याची हजेरी कोण लावणार? एक म्हातारी म्हणाली, तिकडची तरी कुठं धड लावत्यात? आबाने माझ्याकडे पाहिले. पत्रलेखनात याविषयी काही नाही.

८ जानेवारी

ढीग पुरुषभर उंच झाला आहे. त्याच्या बाजू छबूने दोरी धरून सरळ केल्या. संध्याकाळी उन्हात तो निळसर दिसतो. दोन ओळी सुचल्या, पण जमल्या नाहीत.

९ जानेवारी, मंगळवार

सरकारी कामावरचा ओव्हरशीअर आला. सायकलवरून, घामाघूम. तिकडच्या मस्टरवर चाळीस बायका चार दिवस गैरहजर, म्हणून शोधत आला होता. आला आणि ढीग बघून सायकल तशीच खाली सोडली.

"ही खडी कुणाची?"

त्याने ढिगाला चक्कर मारली, फूटपट्टीने मापले, एक खडा उचलून पाहिला. खडी चांगली निघाली, हीच अडचण झाली. वाईट असती तर म्हणाला असता, फेकून द्या. आबाच्या ओट्यावर बसून त्याने दोन कप चहा घेतला आणि आपले दुःख सांगितले. उद्या वरचा साहेब या रस्त्याने गेला आणि त्याने विचारले की हा ढीग कुठून आला, तर कागदावर काम नाही. काम नाही तर ढीग कसा? ढीग उचलून न्यावा, तर काय म्हणून उचलला? ठेवावा, तर कोणाचा म्हणून ठेवला? त्याच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत बिनकामाचा ढीग पहिल्यांदा पाहिला, म्हणाला.

शेवटी म्हणाला, एकच मार्ग आहे. काम आधीच मागितले होते असे दिसले पाहिजे. अर्ज असेल तर आजच मस्टर काढतो. अर्ज आहे का?

सगळ्या वाडीने माझ्याकडे पाहिले.

मी घरून सगळ्या प्रती आणल्या. सेवकवाली, फेथफुलीवाली, सिन्सिअरलीवाली. ओव्हरशीअरने एक वर धरली, आडवी केली, ओढ्याच्या परिच्छेदापाशी थांबला. म्हणाला, गुरुजी, हे साहेबालाही कळणार नाही. मराठीत लिहा. तारीख नोव्हेंबरची टाका, बाकी मी बघतो.

आबा म्हणाला, "मराठीत चालतंय?"

तो म्हणाला, कधीपासून चालते. आबाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, मीही आजच ऐकतो आहे.

हे खोटे. लेखी नव्हे, तोंडी. तरी इथे नोंदवून ठेवतो.

मी लिहायला बसलो आणि मनात नवीनच पेच आला. शेवटची ओळ मी इंग्रजीतच घालणार होतो, तेवढा मान तरी राहू दे. पण कोणती? आज हा ओव्हरशीअर आमच्या ओट्यावर चहा प्यायला, म्हणजे खाते ओळखीचे झाले. सिन्सिअरली. पण तारीख नोव्हेंबरची, आणि नोव्हेंबरात आमची कोणाशीच ओळख नव्हती. फेथफुली. पत्राने लिहिण्याच्या दिवसाशी खरे राहायचे की तारखेशी? मी ओव्हरशीअरलाच विचारले. त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, काहीही लिहा हो.

काहीही कसे लिहिणार?

तेवढ्यात छबूने माझ्यापुढचा कोरा ताव ओढून घेतला. शाईचा पॅड ओव्हरशीअरकडे होताच. "तात्या, तुमी इचार करा," ती म्हणाली, "तवर आमी अंगठं उठवतो. आमाला बसून जमत न्हाई." आणि तिने तळाशी आपला अंगठा उमटवला. मग एकामागून एक बाकीच्या एकोणचाळीस जणी आल्या. रंभाजीने कुणाचा कोणता ते नाव विचारून बाजूला लिहिले. अंगठे चढत चढत कागदाच्या अर्ध्याच्या वर आले.

उरलेल्या जागेत मी मराठीत लिहिले. आमच्या वाडीच्या रस्त्यावर खडी फोडायचे काम काढावे. बायकांना रोज चौदा मैल चालावे लागते. त्यांत काही दोन जिवांच्या आहेत. आम्ही काम करायला तयार आहोत. इतके लिहून शेवटच्या ओळीकडे आलो, तर शेवटच्या ओळीला जागाच नाही. थेट अंगठे सुरू होतात.

मी म्हणालो, दुसरा ताव घेऊ. ओव्हरशीअरने कागद माझ्या हातातून काढला, फुंकर मारून वाळवला आणि सायकलवर बसला.

डेव्हिड मास्तर, तुमच्या विद्यार्थ्याने निरोप न घेता घर सोडले.

११ जानेवारी, गुरुवार

कालपासून मस्टर निघाले. आमच्या वाडीच्या रस्त्यावर. मुकादम झाडाखाली बसतो, कामावरच्या बायकांना वाटायच्या सुकडीचे पोते इथेच येते. आबा सगळ्यांना सांगतो आहे की राजूरच्या मावशीने काम केले. फेतफुली पार्टी म्हणते, त्यांनी.

मी दोन दिवस अस्वस्थ आहे. बिनशेवटाचा कागद सरकारच्या दप्तरात गेला. आज सकाळी ठरवले की साहेबांना एक स्वतंत्र पत्र पाठवायचे, दिलगिरीचे, आणि शेवट त्यात व्यवस्थित घालायचा. कोणता, हे छबूला विचारावे असे वाटले. का वाटले ते सांगता येत नाही. तिने माझे म्हणणे एकदा नीट ऐकले होते, एवढेच असेल.

दुपारी तिच्या दाराशी गेलो. दोन आठवड्यांपूर्वी या वेळी ती सात मैलांवर असायची. आज भाकरी खायला घरी आली होती. साळूबाईने ओठावर बोट ठेवले. छबू ओट्यावर भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसल्या बसल्या झोपली होती. एक हात पोटावर, हातोडी शेजारी. पायातल्या साखळ्या साळूबाईने काढून फळीवर ठेवल्या होत्या.

मुकादमाची शिट्टी झाली. साळूबाई म्हणाली, अजून एक व्हायची हाय, तवर निजू द्या.

मी पत्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर बसलो. कोणी येईल त्याला हळू बोला म्हणून सांगायला.